ग्रंथालयालाही दुसरी पाळी हवी
(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या सभेतील भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला आहे तो ‘विद्यापीठाचे ग्रंथालय आणि आपली वस्ती’ असा. निमंत्रण-पत्रिका वाचून एकाने आम्हाला नाक्यावर विचारलेसुद्धा, की काका, तुम्ही गिरणीत साचे चालवले, तुमचा आणि विद्यापीठाचा संबंध काय? प्रश्न रास्त आहे. आम्ही रात्रशाळेतून दहावी झालो. त्यापुढचे जे काही वाचन झाले ते निरनिराळ्या ग्रंथालयांच्या बाकांवर, कधी आत बसून आणि कधी दारातून परत फिरून. परत फिरण्याचा अनुभव जास्त, म्हणून बोलण्याचा अधिकार थोडा आहे असे आम्ही मानतो.

आधी संबंधाचेच सांगतो. फोर्टमध्ये ओव्हल मैदानासमोर राजाबाई टॉवर उभा आहे. घड्याळ सगळ्यांनी पाहिलेले आहे. पण त्या घड्याळाच्या खाली काय आहे, असे विचारले तर आपल्यातले निम्मे लोक गप्प बसतील. खाली मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आहे. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याने १८६४ साली ग्रंथालयासाठी दोन लाख आणि टॉवरसाठी दोन लाख रुपये दिले आणि टॉवरला आपल्या आईचे नाव दिले. १८६९ मध्ये पायाभरणी झाली, १८७८ मध्ये काम पुरे झाले. आता हा पैसा आला कुठून? अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले होते. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाड-खानदेशच्या शेतात ज्यांनी बोंडे वेचली आणि बंदरावर ज्यांनी गाठी वाहिल्या, त्यांची नावे टॉवरवर नाहीत. तेव्हा संबंध आहे तो असा आहे. कापूस आमचाही आहे.

पण आम्ही इथे इमारतीबद्दल बोलायला उभे नाही. इमारत छानच आहे, २०१५ पर्यंत तिची मोठी डागडुजी झाली, बघण्यासारखी आहे. आम्हाला बोलायचे आहे ते वेळेबद्दल आणि माणसांबद्दल. ग्रंथालय किती वाजता उघडते, किती वाजता बंद होते, आणि आत काउंटरवर कोण उभे असते.

गिरणीची पहिली पाळी सकाळी सातला सुरू, साडेतीनला सुटी. घरी येऊन अंगावरचा कापूस धुवायचा, चहा घ्यायचा, बस धरायची. फोर्टला पोहोचेपर्यंत पाच. एका मोठ्या ग्रंथालयात (नाव घेत नाही, त्याची गरजही नाही) दारावर आम्हाला विचारले, “कुठल्या कॉलेजचे?” आम्ही म्हटले, “गिरणीचे.” हसून का होईना, त्यांनी आत सोडले. चिठ्ठी लिहून दिली. पुस्तक यायला वीस मिनिटे. पुस्तक हातात आले, पाने चाळली, प्रस्तावनेची दोन पाने वाचली, तोच पावणेसहाची घंटा. रविवारी यावे म्हटले तर रविवारी बंद! म्हणजे ज्याला दिवसा काम नाही त्याच्यासाठी दिवसभर उघडे, आणि ज्याला दिवसभर काम आहे त्याच्यासाठी नेमके बंद. यात कुणी एक माणूस दुष्ट आहे असे नाही. कचेरीची वेळ ग्रंथालयाला चिकटवली गेली आणि ती कुणी खरवडून काढली नाही, एवढेच.

रविवारच्या सुट्टीचा इतिहास आपल्या मुलांना माहीत असायला हवा. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी, जोतीराव फुल्यांच्या त्या सहकाऱ्याने, १८८४ पासून गिरणी कामगारांना एकत्र करून ही मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या काळात तयार झालेल्या १९४६ च्या कायद्याने कारखान्यातला आठवड्याचा कामाचा वेळ ५४ तासांवरून ४८ वर आला. आम्ही याचा अर्थ असा लावतो, की आठवड्याचे सहा तास आपल्याला मिळवून दिले गेले. हे सहा तास झोपण्यासाठी आहेत, मुलाबाळांसाठी आहेत, आणि वाचण्यासाठीही आहेत. पण वाचायला गेलो तर कुलूप. मग ते तास गेले कुठे? नाक्यावर गेले, टीव्हीपुढे गेले, काहींचे गुत्त्यावर गेले. आम्ही कुणाला दोष देत नाही. उघडे दार एकच असेल तर माणूस त्याच दारात शिरणार.

आता तुम्ही म्हणाल, विद्यापीठाचे ग्रंथालय हे विद्यार्थी आणि प्राध्यापक यांच्यासाठीच असते, ते सगळ्यांसाठी कसे उघडे ठेवणार? म्हणून एका खऱ्या ग्रंथालयाची हकीगत सांगतो. मद्रास विद्यापीठाची.

१९२४ सालच्या जानेवारीत शियाळी रामामृत रंगनाथन हे गणिताचे अध्यापक मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल म्हणून नेमले गेले. प्रेसिडेन्सी कॉलेजातली शिकवण्याची नोकरी सोडून आले. आले आणि काही दिवसांतच कंटाळले. ग्रंथालयात चिटपाखरू फिरकत नव्हते. दिवसभर कपाटांकडे बघत बसायचे! ते परत प्राचार्यांकडे गेले, म्हणाले, मला माझे वर्ग परत द्या. प्राचार्यांनी समजूत घातली, की ठरल्याप्रमाणे इंग्लंडला तर जाऊन या, त्यानंतरही नको वाटले तर बघू. ते लंडनला गेले, तिथे ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण घेतले, क्रॉयडनचे ग्रंथपाल सेयर्स यांच्या हाताखाली काम पाहिले, देशभरची कितीतरी ग्रंथालये हिंडले. तिकडे साधी कामकरी माणसे, बायका, पोरे ग्रंथालयात येताना त्यांनी पाहिली. (लंडनच्या एका दुकानात त्यांनी मेकॅनो नावाचा खेळ पाहिला, त्याच पट्ट्या आणि तेच स्क्रू घेऊन कधी गाडी, कधी पूल. त्यावरून त्यांना पुस्तकांच्या वर्गीकरणाची नवी पद्धत सुचली, ती १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. बालमित्रांनो, खेळण्याकडे लक्ष देणे हा नेहमीच वेळेचा नाश नसतो.)

१९२५ मध्ये परत आलेला माणूस वेगळाच होता. वर्ग परत मागायचा विषयच संपला. त्यांनी पहिली गोष्ट केली ती दार उघडण्याची. कचेरीची वेळ मोडून ग्रंथालय सकाळपासून संध्याकाळ उलटेपर्यंत, सुट्टीच्या दिवशीसुद्धा चालू ठेवले. दुसरी गोष्ट, वाचकाला कपाटापर्यंत जाऊ दिले. तोवर पद्धत अशी, की चिठ्ठी द्या, बाकावर बसा, शिपाई जे आणील ते घ्या. तिसरी गोष्ट, वाचकाच्या शेजारी उभे राहून, तुला काय हवे आहे बाबा, हे विचारणारा माणूस नेमण्याचा आग्रह धरला. त्यांची पाच सूत्रे ग्रंथालयाच्या परीक्षेला बसणारा प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. ते पुस्तक १९३१ चे. आम्ही ती सूत्रे इथे म्हणून दाखवत नाही. आमच्या भाषेत त्यांचे सार एवढेच, की पुस्तक कुलपात जपायला नसते, हाताळून झिजवायला असते, आणि वाचणारा माणूस ताटकळत बसला तर ती चूक ग्रंथालयाची.

विद्यापीठाच्या नोकरीत राहून हा माणूस बाहेर किती फिरला बघा. १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ उभा राहिला, त्यात रंगनाथन पुढे. १९२९ पासून संघाने ग्रंथालयात काम करणाऱ्यांचे शिक्षण सुरू केले, ते १९३१ मध्ये विद्यापीठाने आपल्याकडे घेतले. त्याच १९३१ साली तंजावरकडच्या मन्नारगुडीला कनकसभै पिळ्ळै यांनी बैलगाडीत पुस्तके घालून खेड्याखेड्यांत फिरवायला सुरुवात केली. ती गाडी विद्यापीठाची नव्हे, पण वारा तोच. आणि ग्रंथालय हा सरकारच्या मेहेरबानीचा नव्हे, कायद्याचा विषय आहे, हे रंगनाथन यांनी इतकी वर्षे लावून धरले, की १९४८ मध्ये मद्रास राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. आपल्याकडे कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच असा कायदा केला होता, हेही विसरायचे नाही. महाराष्ट्र राज्याचा कायदा आला १९६७ मध्ये.

रंगनाथन जन्माने ब्राह्मण होते. आमच्यातले काही तरुण कार्यकर्ते म्हणतील, त्यांचे गोडवे आपण का गायचे? आम्ही गोडवे गात नाही. ज्याने दार उघडले त्याच्या कामाची नोंद ठेवायची, आणि त्याच मापाने बाकीच्यांची दारे मोजायची. १९५६-५७ च्या सुमारास त्यांनी आपल्या आयुष्याची बचत, एक लाख रुपये, पत्नीच्या नावाने ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी मद्रास विद्यापीठाला दिली, हेही नोंदीत राहू द्या.

मात्र एका गोष्टीत आमचे त्यांच्याशी जमत नाही. रंगनाथन यांनी वीस वर्षांत सुट्टी घेतली नाही, लग्नाच्या दिवशीसुद्धा कामावर गेले, असे मोठ्या कौतुकाने सांगतात. आम्ही कामगार माणसे, आम्हाला हे कौतुक पटत नाही. एका माणसाच्या भक्तीवर दार उघडे राहिले तर तो माणूस गेल्यावर दार बंद होते. लोखंड्यांनी रविवार मिळवला तो ग्रंथालयाच्या शिपायासाठीही मिळवला. मग काय करायचे? वाचकाला रविवारी ग्रंथालय उघडे हवे, आणि शिपायाला आठवड्याची सुट्टी हवी. विद्वान लोक इथे अडतात. गिरणीवाला अडत नाही, कारण त्याचे उत्तर गिरणीत वर्षानुवर्षे चालू होते. त्याला पाळी म्हणतात. साचा तोच, माणसे बदलतात.

हिशेब सोपा आहे. ग्रंथालय रोज बारा तास आणि आठवड्याचे सातही दिवस उघडे ठेवायचे तर होतात ८४ तास. एक माणूस आठवड्याला जास्तीत जास्त ४८ तास काम करणार. म्हणजे एका काउंटरला एक माणूस पुरत नाही, पावणेदोन लागतात. आजारपण, रजा, बाळंतपण धरा, दोन झाले. एका खुर्चीला दोन माणसे. एवढे दिले तर कुणाची सुट्टी जात नाही आणि कुणाचे वाचन बुडत नाही. पण होते उलटेच. एक निवृत्त होतो, त्याची जागा भरली जात नाही. दुसऱ्याला दोघांचे काम. मग संध्याकाळचा विभाग बंद, मग शनिवारी अर्धा दिवस, आणि पाटी लागते, ‘कर्मचाऱ्यांअभावी’.

आपल्याच चाळीतला एक जण एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात परिचर आहे. अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. आमच्या काळात गिरणीत बदली कामगार असत, रोज दारावर उभे राहायचे, कुणी गैरहजर असेल तर आत घेणार, नाही तर घरी. बदलीवाल्याचे हाल आम्ही पाहिले आहेत, भोगलेही आहेत. आज तीच बदली ग्रंथालयात आली आहे, नाव तेवढे बदलले. आणि हा मुलगा कसा आहे म्हणाल तर कॉम्प्युटरवर ‘उपलब्ध नाही’ असे दिसणारे पुस्तक तो पाच मिनिटांत काढून देतो. दुसऱ्या रांगेत खालच्या फळीवर मागे सरकलेले असते, म्हणतो. अशा माणसाला दर अकरा महिन्यांनी, पुन्हा घेतील का, हा घोर. त्याची कायम नोकरी हा त्याचा एकट्याचा प्रश्न नव्हे. तो गेला की ते पुस्तकही गेले.

नावे मात्र झकास झाली आहेत. पुण्याच्या विद्यापीठातल्या जयकर ग्रंथालयाला आता ज्ञानस्रोत केंद्र म्हणतात. नावाला आमची हरकत नाही. स्रोत म्हटला की वाहिला पाहिजे, एवढेच.

बाबासाहेबांचे वाचन आपण सगळे सांगतो. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली, १९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. राजगृहातल्या पुस्तकांची संख्याही आपल्या पोरांना पाठ आहे. पण एक गोष्ट आम्ही नेहमी मनात धरतो. त्या तीन वर्षांत कोलंबियाच्या ग्रंथालयात कुणी तरी पुस्तके आणून दिली असतील, परत जागेवर लावली असतील, बंद होण्याची वेळ झाली हे येऊन सांगितले असेल. त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. ज्या सयाजीरावांनी शिष्यवृत्ती दिली, त्यांनीच १९१० मध्ये बॉर्डेन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्याला आणला, राज्यातल्या माणसांना हे काम शिकवायला लावले, आणि पेट्यांत पुस्तके भरून खेड्यांत पाठवली. पुस्तक आणि ते देणारा माणूस या दोन्हींवर खर्च करावा लागतो, हे त्या राजाला कळले होते.

बाबासाहेबांनी स्वतः १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, नोकरी करणाऱ्या पोराला शिकता यावे म्हणून. म्हणजे आधी पोराच्या कामाची वेळ पाहिली आणि मग घंटा लावली. त्या महाविद्यालयाचे ग्रंथपाल एस. एस. रेगे यांच्यासारखा माणूस बाबासाहेबांच्या जवळच्या वर्तुळात होता. ग्रंथपालाला त्यांनी कारकून मानले नाही.

आज कोलंबियाच्या लेहमन ग्रंथालयात बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. १४ एप्रिलच्या सुमारास तिकडची आपली माणसे, जी त्या विद्यापीठाची विद्यार्थी नाहीत तीसुद्धा, तिथे अभिवादनाला जमतात. सातासमुद्रापलीकडचे विद्यापीठ ग्रंथालय बाहेरच्या माणसाला आत घेऊ शकते, तर आपल्या शहरातले का नाही?

आता मोबाईलवर सगळे मिळते असे कुणी म्हणेल. पुष्कळ मिळते, खरे आहे. बाबासाहेबांच्या लेखनाचे शासनाने काढलेले इंग्रजी खंड फुकट उतरवून घेता येतात, घ्यावेतच. पण दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे, वर शेजारची टीव्ही, तिथे मोबाईलवर पाचशे पाने कशी वाचायची हे आम्हाला कुणी शिकवावे. आमच्या अभ्यासिकेतल्या पोरीला पुस्तकाइतकीच टेबल, दिवा आणि शांतता हवी आहे. पुस्तकही हवेच, कारण पदव्युत्तर परीक्षेचे एकेक पुस्तक हजार-बाराशेचे, ते विहाराच्या कपाटात येणार कुठून?

तेव्हा नुसते भाषण नको म्हणून काही गोष्टी समितीपुढे ठेवतो. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करता येतो, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही लागत नाही, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. विद्यापीठाला आपण विचारायचे, ग्रंथालयात मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटावर किती? वाचनकक्ष रोज किती वाजेपर्यंत उघडा, रविवारी काय? विद्यार्थी नसलेल्या नागरिकाला बसून वाचण्याचा नियम काय, फी किती? प्रश्न असेच विचारायचे, आकड्यात उत्तर येईल असे. ‘आपले धोरण काय’ असे विचारले की दोन पाने येतात आणि हाती काही लागत नाही.

उत्तर आले की त्यावरून निवेदन. निवेदनात दोन मागण्या एकत्रच लिहायच्या, संध्याकाळी आणि रविवारी वाचनकक्ष उघडा ठेवा, आणि त्यासाठी पदे भरा. पहिली लिहून दुसरी गाळली तर आहे त्याच परिचराच्या मानेवर आपण बसू, आणि तो आपल्याला दारातूनच हाकलील. हाकलावेच त्याने. ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या संघटनेशी आधी बोलून घ्यायचे, म्हणजे वाचक एकीकडे आणि कर्मचारी दुसरीकडे असे कुणाला करता येणार नाही. संपात वरच्यांनी हा डाव कसा टाकला, ते १९८२ च्या जानेवारीनंतर आमच्या वडिलांच्या पिढीने पाहिले आहे.

आणि ग्रंथालयाने इकडे यावे. वर्षातून दोनदा एखाद्या ग्रंथपाल बाईंनी किंवा साहेबांनी रविवारी या सभागृहात यावे, पोरांना सूची कशी पाहायची, संदर्भ कसा काढायचा ते दाखवावे. बोलावण्याचे पत्र समितीने काढावे. चहा आमच्याकडे.

अर्जाचा मसुदा आम्ही आणला आहे, तो कार्याध्यक्षांकडे दिला आहे. अर्ज एकाच्याच नावाने जातो, पण निवेदनाला सह्या लागतील. येत्या रविवारी वंदनेनंतर टेबल मांडले जाईल. पूर्ण नाव, खोली क्रमांक आणि शिक्षण लिहायचे. ज्या आयाबायांना सही करायचा संकोच वाटतो त्यांनी अंगठा न देता नाव लिहायला यावे, वह्या-पेन्सिली महिला मंडळाने ठेवल्या आहेत, अर्ध्या तासात नाव लिहिता येते.

आमचा वेळ संपला, अध्यक्ष घड्याळाकडे बघत आहेत. जयभीम.